संगणकाचा परवाना : खरेदी की खंड?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ या संगणक-प्रणालीला मायक्रोसॉफ्ट कंपनीकडून मिळणारा आधार संपला. जुलै २०१५ मध्ये बाजारात आलेल्या या प्रणालीतील दोष शोधून त्यांची विनामूल्य दुरुस्ती करण्याचे काम कंपनीने त्या दिवशी थांबविले, एवढाच या घटनेचा अर्थ. परंतु अशी बातमी शहरातून निघून नारायणगाव, मंचर, ओतूर, घोडेगाव या बाजारपेठांत पोहोचेपर्यंत तिचे रूप पालटावे, हे स्वाभाविकच आहे. ‘आधार संपला’ याचे ‘लायसन्स संपले’ असे भाषांतर होते, आणि मग चांगला चालणारा संगणक मोडीत काढावा की पैसे भरून ‘रिन्यू’ करावा, या विवंचनेत मध्यमवर्गीय आणि शेतकरी कुटुंबे पडतात. वस्तुतः विंडोज १० चा परवाना संपलेला नाही. ज्या यंत्रावर तो होता त्या यंत्रावर तो आजही वैध आहे. मात्र कुंपणाला पडलेले भगदाड बुजविण्यास आता मूळ मालक फुकट येणार नाही.

घरच्या संगणकावरील सॉफ्टवेअरचा परवाना ठराविक मुदतीने नूतन करावाच लागतो काय, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. पण त्याचे सरळ उत्तर ग्राहकाला सहसा मिळत नाही, आणि ते न मिळण्यातच अनेकांचा फायदा आहे. पहिला घोटाळा ‘परवाना’ या शब्दापासूनच सुरू होतो. आपल्याकडे परवाना म्हटला की त्याला मुदत आलीच. खते-औषधे विकणाऱ्या कृषी सेवा केंद्राचा परवाना, बंदुकीचा परवाना, वाहन चालविण्याचा परवाना, या साऱ्यांची मुदत संपते आणि त्यांच्यासाठी कचेरीत खेटे घालावे लागतात. सॉफ्टवेअरचा परवाना हा त्या जातीचा नव्हे. लेखकाने आपल्या पुस्तकाची एक प्रत वापरू द्यावी, तशी प्रणालीच्या कर्त्याने दिलेली ती संमती आहे. भारताच्या प्रताधिकार कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने संगणकाच्या आज्ञावलीला साहित्यकृतीच्याच पंक्तीत बसविले, ते याच कारणाने. अशी संमती कायमची असू शकते किंवा मुदतीची. कोणती, ते करारावर अवलंबून. घोळ होतो तो एकाच यंत्रावर निरनिराळ्या जातींचे करार एकत्र नांदत असल्यामुळे.

नवा लॅपटॉप घरी येतो तेव्हा त्याबरोबर आलेले विंडोज हे त्या यंत्राला जखडलेले असते. ते दुसऱ्या यंत्रावर नेता येत नाही, पण यंत्र आहे तोवर त्याचे नूतनीकरणही नाही. ‘ऑफिस २०२१’ किंवा ‘ऑफिस २०२४’ एकदाच किंमत मोजून घेतले असेल, तर तेही कायमचेच. याच कंपनीचे ‘मायक्रोसॉफ्ट ३६५’ मात्र भाड्याचे आहे. वर्गणी थांबली की जुन्या फायली उघडता व छापता येतात, पण त्यांत एक अक्षर बदलता येत नाही आणि नवी फाईलही करता येत नाही. पडद्यावर दोन्हींची चिन्हे सारखीच दिसतात. काही यंत्रांबरोबर कायमचे ऑफिस येते, काहींबरोबर केवळ महिन्याभराचा किंवा वर्षभराचा नमुना. आणि दुकानदार ‘ऑफिस टाकलेले आहे’ एवढ्या तीन शब्दांत दोन्हींची बोळवण करतो.

विषाणूरोधक प्रणालींची गोष्ट याहून निराळी आहे. क्विक हील ही तर पुण्यातच उभी राहिलेली कंपनी. अशा कंपन्यांकडून ग्राहक जे विकत घेतो ते वस्तू म्हणून नव्हे, तर वर्षभराची राखण म्हणून. रोज नवे चोर निपजतात, त्यांची ओळख रोज पटवून घ्यावी लागते, आणि हे काम करणाऱ्यांना रोजचा पगार द्यावा लागतो. गावच्या जागल्याला दरसाल धान्य दिले जाई, त्याच न्यायाने येथे वर्षासन मागितले तर त्यात गैर काही नाही. मात्र विंडोज १० आणि ११ यांच्यासोबत एक राखणदार विनामूल्य येतोच, हेही त्याच दमात ग्राहकाला सांगितले गेले पाहिजे. साध्या घरगुती वापराला बहुधा तो पुरतो. दुसरा ठेवायचा की नाही हा ऐपतीचा आणि आवडीचा प्रश्न उरतो.

व्यापाऱ्यांच्या घरोघरी पोहोचलेली ‘टॅली’ ही हिशेबाची प्रणाली या दोहोंच्या मध्ये कोठेतरी आहे. तिचा नेहमीचा परवाना कायमचा असतो. वर्षाकाठी मागितली जाते ती सेवेची वर्गणी, आणि ती भरली नाही तरी जुनी आवृत्ती चालूच राहते. कागदोपत्री हे नूतनीकरण ऐच्छिक आहे. पण १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि विवरणपत्रांचे नमुने, बीजकांचे नियम सतत बदलत राहिले. बदललेला नियम नव्या आवृत्तीत येतो आणि नवी आवृत्ती वर्गणीदाराला मिळते. मंचरच्या आडत्याला ही वर्गणी भरावीशी वाटते ती कंपनीच्या आग्रहापेक्षा सरकारच्या उत्साहामुळे अधिक, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

मुदतीच्या आणि कायमच्या हक्कातील हा फरक या मुलखाला नवा नाही. जुन्नर हे निजामशाहीतले मोठे ठाणे. त्या काळच्या दख्खनी दरबारांतून इनामाची, वतनाची जी खुर्दखते निघत, त्यांत शेवटी एक ठरीव कलम येई. दरवर्षी ताज्या हुकुमाची अट घालू नये, या कागदाची नक्कल ठेवून घ्यावी आणि अस्सल कागद धन्याकडे परत द्यावा, असा त्याचा आशय असे. हे कलम मुद्दाम लिहावे लागे, याचाच अर्थ असा की ते नसेल तर गावचा कारकून दरसाल नव्या कागदाची आणि त्यासोबतच्या नजराण्याची मागणी करीत असला पाहिजे. तीनशे-चारशे वर्षांपूर्वीच्या अर्जदाराला कागदातली जी एक ओळ सर्वांत मोलाची वाटत होती, नेमकी तीच ओळ आजच्या लॅपटॉपच्या पावतीवर नसते.

कंपन्या विक्रीकडून भाड्याकडे का वळल्या, याचे उत्तर अर्थशास्त्राने फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. टिकाऊ वस्तू विकणाऱ्या मक्तेदाराचा सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी म्हणजे त्याने काल विकलेला माल, हा विचार रोनाल्ड कोस यांनी १९७२ मध्ये एका छोट्या निबंधात मांडला. पुढे १९९१ मध्ये अर्थशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचे ते मानकरी ठरले. आज चढी किंमत देऊन घेण्यापेक्षा थांबलो तर उद्या स्वस्त मिळेल, हे गिऱ्हाइकाला कळते आणि मक्तेदाराची ताकद तेथेच ओसरते. त्यातून सुटण्याची एक वाट कोस यांनी दाखविली होती, ती म्हणजे माल विकूच नये, भाड्याने द्यावा. नांगराचा फाळ झिजतो, मोटारीचे टायर झिजतात. आज्ञावली मात्र मुळीच झिजत नाही. म्हणजे टिकाऊ वस्तूची अडचण येथे पराकोटीला जाते. २००७ साली घेतलेल्या प्रणालीत पत्र लिहिणाऱ्याला २०२४ ची आवृत्ती घेण्याचे काही कारण उरत नाही, आणि विक्रेत्याचे खरे दुखणे हेच आहे.

ही युक्तीही नवी नव्हे. संगणकाच्या आरंभीच्या काळात आयबीएम आपली यंत्रे विकत नसे, भाड्यानेच देई. ती विकतही दिली पाहिजेत, असे बंधन अमेरिकन सरकारशी झालेल्या तडजोडीत १९५६ साली तिला स्वीकारावे लागले. मे २०१३ मध्ये अडोबी कंपनीने फोटोशॉप आणि तत्सम प्रणालींच्या नव्या आवृत्त्या यापुढे केवळ वर्गणीनेच मिळतील असे जाहीर केले, तेव्हा चक्र पुन्हा मूळ जागी आले. त्या वेळी असे बंधन घालण्यास कोणतेही सरकार पुढे आले नाही.

भाडेपद्धतीची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. एकरकमी जबर किंमत परवडत नाही म्हणून छायाचित्रकार आणि लग्नपत्रिका छापणारे वर्षानुवर्षे चोरीच्या प्रतीवर काम करीत. महिन्याच्या हप्त्यात प्रामाणिकपणा परवडू लागला, हा लाभ लहान नव्हे. पूर्वी नव्या आवृत्तीसाठी पुन्हा पैसे मोजावे लागत, ते आता लागत नाहीत. सुरक्षेच्या दुरुस्त्यांना खर्च येतो आणि तो कोणीतरी सोसलाच पाहिजे, हेही खरे. परंतु विक्रीच्या व्यवस्थेत निर्मात्याला दरवेळी काहीतरी सरस करून दाखवून गिऱ्हाइकाचा होकार मिळवावा लागे. भाड्याच्या व्यवस्थेत गिऱ्हाईक नकार देईपर्यंत होकारच धरला जातो. घासाघीस करण्याची जागा ग्राहकाच्या हातून निर्मात्याच्या हाती गेली. शिवाय नकार देणाऱ्याचे स्वतःचे लिखाण त्या प्रणालीच्या उंबऱ्याआड राहते. सावकाराकडे गहाण पडलेल्या जमिनीचा अनुभव ज्या समाजाला आहे, त्याला याहून अधिक समजावून सांगण्याची गरज नसावी.

आणि येथे जुन्नर-आंबेगावचे अर्थकारण आड येते. मासिक भाडे ही पगारदारांची सोय आहे. ज्याला १ तारखेला ठराविक रक्कम मिळते, त्याला ठराविक रक्कम देणे जड जात नाही. या तालुक्यांत पैसा तसा येत नाही. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा भाव एका हंगामात सोन्याचा आणि दुसऱ्यात रस्त्यावर ओतण्याच्या लायकीचा. २०२३ च्या पावसाळ्यात तो जसा भडकला तसा तो रोज भडकत नाही. कांद्याचे तेच. दोन्ही तालुक्यांच्या पश्चिमेकडील आदिवासी पट्ट्यात भाताचे एक पीक आणि हिरड्याची विक्री यांवर वर्षाची रोकड अवलंबून असते. अशा घरात चांगल्या वर्षी हाती आलेला पैसा टिकाऊ वस्तूत घालण्याची रीत आहे. ठिबकचा संच, विहिरीवरची मोटर, मुलीच्या शिक्षणासाठी लॅपटॉप, अशी ती खरेदी होते. पुढचे वर्ष वाईट गेले तरी वस्तू घरात राहते. टिकाऊ वस्तू ही या घरांची बचतच असते, आणि भाड्याच्या सॉफ्टवेअरने नेमकी हीच बचत अशक्य करून टाकली आहे. चांगल्या वर्षी घेतलेला संगणक वाईट वर्षी अर्धा मुका होतो.

यात आणखी एक भर. वर्गणीच्या प्रणालींना आपली वर्गणी चालू आहे याची खातरजमा करण्यासाठी साधारण महिन्यातून एकदा तरी इंटरनेटशी संपर्क साधावा लागतो. आहुपे किंवा दुर्गवाडी यांसारख्या सह्याद्रीच्या कड्यावरील गावांत ऐन पावसाळ्यात वीज आणि मोबाईलचे जाळे यांची काय अवस्था असते, हे ज्याने पाहिले आहे त्याला या अटीची गंमत वाटल्याशिवाय राहणार नाही. पैसे भरूनही यंत्राला ते कळविता येऊ नये, असा प्रसंग तेथे येऊ शकतो.

कायदा या बाबतीत दोन तोंडांनी बोलतो. तबकडीवर विकले जाणारे तयार सॉफ्टवेअर हा विक्रीकरासाठी ‘माल’च होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये टाटा कन्सल्टन्सीच्या खटल्यात दिला. २ मार्च २०२१ च्या निर्णयात त्याच न्यायालयाने, अंतिम वापरकर्त्याने विदेशी कंपनीला दिलेली सॉफ्टवेअरची किंमत हे प्रताधिकाराचे स्वामित्वशुल्क नव्हे, ती मालाची किंमत आहे, असे आयकराच्या संदर्भात ठरविले. म्हणजे कर आकारताना तो माल ठरतो. पण ग्राहक तो पुतण्याच्या यंत्रावर घालू लागला की ‘हा माल नव्हे, हा केवळ परवाना आहे’, असे कराराचा बारीक टाईप सांगतो. १८ टक्के कर मात्र दोन्ही प्रसंगी तोच.

या गोंधळात ‘विंडोज मारून देतो’ म्हणणारा शेजारचा तंत्रज्ञ फार जवळचा वाटतो. त्याने घातलेली प्रत बहुधा चोरीची असते, अथवा नगण्य किमतीला मिळालेल्या संशयास्पद किल्लीवर चालते. प्रत चोरीची आहे हे ठाऊक असून ती वापरणे हा प्रताधिकार कायद्याच्या ६३-ब कलमाखाली गुन्हा आहे; कमीत कमी ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी शिक्षा तेथे सांगितली आहे. वापर धंद्यासाठी नसेल तर कैद न देता ५० हजारांपर्यंत दंडावर सोडण्याची मुभा न्यायालयाला आहे. दंडाची भीती बाजूला ठेवली तरी, कुलूप तोडून आत आलेल्या प्रणालीबरोबर आणखी कोण आत आले, हे सांगता येत नाही. ज्या संगणकावरून बँकेचा व्यवहार होतो, त्यावर असला पाहुणा ठेवणे शहाणपणाचे नाही.

ग्राहकाच्या बाजूने काहीच झालेले नाही असे मात्र नव्हे. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कार्डावरून परस्पर कापल्या जाणाऱ्या वर्गणीची सूचना किमान २४ तास आधी ग्राहकाला मिळावी लागते. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या मांडणीच्या १३ प्रकारांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. वर्गणीतून बाहेर पडण्याची वाट दडविणे, खोटी घाई निर्माण करणे, सॉफ्टवेअरच्या वर्गणीचे पैसे गुपचूप वसूल करणे, आणि संगणकात विषाणू शिरल्याची खोटी भीती घालून पैसे उकळणे, हे सारे त्यांत आहे. ‘तुमचे संरक्षण आज संपत आहे’ अशी लाल अक्षरे पडद्यावर दिसली किंवा तसा दूरध्वनी आला, तर त्यावरून पैसे न भरता आपण मुळात काय विकत घेतले होते हे पाहावे. अडचण अशी, की ही तत्त्वे राजपत्रात आहेत आणि पडद्यावरची लाल अक्षरे घरात.

मराठी वाचकाला या प्रश्नाचा एक जुना चटका ठाऊक असायला हवा. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठीतले लेखन ज्या टंकप्रणालींत होई, त्या प्रत्येकीची अक्षरांकनाची रीत वेगळी होती. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्रीलिपी’ ही त्यांतली फार प्रचलित प्रणाली, आणि ती संगणकाला लावायच्या एका छोट्या कुलपासोबत येई. त्या काळात ती गरज होती आणि मराठी मुद्रणाला तिने दिलेला हात मोठा आहे. पण मंडळांच्या स्मरणिका, पतसंस्थांचे अहवाल, प्रबंध, गावांचे इतिहास असे कितीतरी लिखाण जुन्या टंकांत अडकलेले आहे. टंक हाती नसेल तर पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसते. कुलूप हरवले आणि यंत्र बदलले की स्वतःचेच लिखाण परके होते. लिखाण कोणत्या साच्यात जपले जाते, हा प्रश्न परवान्याच्या किमतीपेक्षा मोठा आहे, याचा याहून जवळचा पुरावा नको.

या साऱ्यावर उपाय नाही असे मुळीच नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरची जी चळवळ आरंभिली आणि १९९१ पासून लिनक्सने जिला बळ दिले, तिच्यातून घरच्या गरजेचे बहुतेक सारे आज उपलब्ध आहे. पत्रे, हिशेबाचे तक्ते, सादरीकरण यांसाठी ‘लिब्रेऑफिस’ २०१० पासून विनामूल्य मिळते, त्यात युनिकोड मराठी चालते, आणि त्याचे नूतनीकरण हा विषयच नाही. विंडोज ११ ला अपात्र ठरलेले अनेक जुने संगणक लिनक्सवर आणखी काही वर्षे उत्तम चालू शकतात. हे हौशी लोकांचे खेळणे आहे, असा समज असल्यास जुन्नर तालुक्यातल्याच खोडदकडे पाहावे. तेथील महाकाय मीटरतरंग दुर्बिणीच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या ज्या रेडिओलहरी टिपतात, त्यांच्या विश्लेषणासाठी जगभरचे खगोलशास्त्रज्ञ ‘एप्स’ आणि ‘कासा’ यांसारख्या मुक्त प्रणालीच वापरतात. आकाशगंगांच्या अभ्यासाला जे चालते ते ग्रामपंचायतीच्या पत्रव्यवहाराला चालू नये, असे मानण्यास आधार नाही. केरळने आपल्या सरकारी शाळांतील संगणकशिक्षण मुक्त प्रणालींवर उभे केले. महाराष्ट्रात २००१ पासून एमएस-सीआयटीने लाखो लोकांना संगणकाशी ओळख करून दिली, हे श्रेय मोठे. परंतु ती ओळख प्रामुख्याने एकाच कंपनीच्या घराची झाली, आणि हाताला लागलेली सवय हेच पुढे त्या कंपनीचे सर्वांत भक्कम कुलूप ठरले. जिल्हा परिषदेच्या शाळांत दोन्ही पद्धती शिकविल्या गेल्या, तर निदान पुढच्या पिढीला निवड तरी करता येईल.

ज्यांचा संगणक विंडोज १० वरच आहे त्यांच्यासाठी कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या वाढीव दुरुस्त्यांची योजना जाहीर केली होती, आणि कंपनीचे खाते जोडून आपली मांडणी तेथे साठविणाऱ्या घरगुती ग्राहकाला ती पैशाविनाही मिळत होती. ही गोष्ट फार थोड्या दुकानांतून सांगितली गेली. दुकानदाराने ज्ञानकोश व्हावे अशी कोणाची अपेक्षा नाही. पण कीटकनाशकाच्या डब्यावर वापराची अंतिम तारीख छापलेली असते, बियाण्याच्या पिशवीवर असते. मग संगणकाच्या पावतीवर, त्यात घातलेल्या प्रत्येक प्रणालीपुढे ‘कायमची’ किंवा ‘अमुक तारखेपर्यंतची’, आणि मुदतीची असल्यास पुढील वर्षाचे भाडे किती, एवढे मराठीत लिहिलेले का नसावे? यासाठी नवा कायदा करावा लागणार नाही. प्राधिकरणाचे एक परिपत्रक पुरेल, आणि नारायणगाव वा मंचर येथील एखाद्या विक्रेत्याच्या मनात आले, तर त्याला त्या परिपत्रकाचीही वाट पाहावी लागणार नाही.